असं दुसरं नाणं

छत्तीसगडच्या राजधानीतल्या जुन्या संग्रहालयात नाण्यांचे जाणकार अभिनव साहेब यांनी ते भोक पाडलेलं नाणं भिंगाखाली धरलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

"काकू, हे रोमचं आहे. चांदीचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सम्राट आहे हा."

समोर बसलेल्या प्रेमलाबाईंचा चेहरा पडला. "आमच्यात लेकराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचं नाणं बांधतात, साहेब. असंच नाणं आणखी कोणाच्या गळ्यात असन ना?"

"इंग्रजांच्या राणीचा रुपया असेल. हे नाही."

"मेळ्यात नकली भेटते. पुन्हा एकदा पाहून घ्या."

साहेबांनी नाणं तोललं, कड निरखली. बाईंना किमतीची काळजी आहे असं समजून ते हसले. "अस्सल आहे. अख्ख्या छत्तीसगडात असं दुसरं मी पाहिलं नाही."

सासूबाईंनी लेकाच्या, सुशीलच्या बारशाला बांधलेल्या नाण्यावर हाच जाड मानेचा राजा होता, कानापाशी हेच भोक होतं. पण अशी नाणी गावात ढिगानं असतील, या एका आशेवर प्रेमलाबाईंनी आठ दिवस काढले होते. सुशील कामाला होता त्या बीरगावच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा ओळख न पटणाऱ्या एका देहाच्या गळ्यातून पोलिसांनी हे नाणं काढलं होतं.

सोबत आलेल्या, बाहेर बाकावर बसलेल्या हवालदाराला त्यांनी आत बोलावलं.

"आणा तो ओळख पटल्याचा कागद, भैया, सही करते. पोट्टा माझाच आहे."