वरचा कप्पा

तंत्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या उबेच्या पेटीचे दार उघडले, तेव्हा शिक्षिका नकळत एक पाऊल मागे सरकली. आत शरीराइतकीच ऊब होती आणि मधल्या कप्प्यात दोन प्लेट्स शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. एकीत तिच्या नाकातून घेतलेल्या पेशी, दुसरीत तिच्या धाकट्या भावाच्या. दोघांनी त्या एकाच दिवशी, एकमेकांना चिडवत दिल्या होत्या. त्याला दमा होता, तिला नव्हता; संशोधनाला अशाच जोड्या हव्या होत्या. भाऊ जाऊन आता चार महिने झाले होते.

तिच्या हातात एक कागद होता. त्याच्या उरलेल्या पेशी वापरायच्या की नष्ट करायच्या, एवढेच त्यात विचारले होते.

"वापरायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?"

"सर्दीचा विषाणू सोडायचा. तुमच्या पेशींवर काल सोडला. त्यांच्यावर सोडायला तुमची सही हवी. त्यांची ही शेवटचीच प्लेट."

"विषाणू माझाच का?"

"छे, ताई. तो गोठवलेला येतो, बाहेरून."

त्याने प्लेट उचलली. झाकणावरच्या चिकटपट्टीवर, अकरा या आकड्याखाली, निळ्या शाईत लिहिले होते : कुंभकर्ण. त्याने घाईने त्यावर अंगठा ठेवला.

"माफ करा. आम्हाला नावं ठाऊक नसतात, नुसते आकडे. या पेशी उशिरा जाग्या होतात, म्हणून आपलं गमतीनं…"

"राहू द्या. आई रोज सकाळी त्याला हेच म्हणायची." तिने विचारले, "उशिरा म्हणजे?"

"असं बघा, घरात चोर शिरला की तुमच्या पेशी पहिल्याच दिवशी आरडाओरडा करतात. शेजारपाजार सावध होतो. यांच्या मात्र गप्प. जाग येईतो चोर घरभर झालेला असतो. मग असा काही धुमाकूळ घालतात, की चोरापेक्षा घराचीच मोडतोड जास्त. श्वासनलिका सुजते, आवळते."

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "शुक्रवारी मी शाळेतून शिंकत आले. मला वाफेला पाणी त्यानंच तापवून दिलं. म्हणाला, बाईसाहेब, वर्गात काय वाटून आलात? सोमवारी…"



"सर्दी कुणाचीही लागली असती, ताई."

"हो. लागली माझी."

तंत्रज्ञाने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बघायचंय?"

ती वाकली, पण त्याआधी तिने नाकातोंडावर हात घट्ट दाबून धरला.

"झाकण आहे प्लेटला. आणि आज सर्दी नाही ना तुम्हाला?"

तिने मानेनेच नाही म्हटले. हात काढला नाही.

भिंगाखाली अतिसूक्ष्म केसांची एक रांग एकाच दिशेने वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती.

"काय करताहेत?" तिने हाताआडूनच विचारले.

"त्यांचं काम. धूळ, कफ वर ढकलायचा. घशाकडे."

"कुणाच्या घशाकडे?"

पंधरा वर्षे तो ही हालचाल पाहत आला होता. हे त्याला कुणी विचारले नव्हते.

ती सरळ झाली. "याचा पुढे कुणाला उपयोग होईल?"

"होईल असं वाटतं. खात्री नाही देता येत."

तिने कागद भिंतीला टेकवून सही केली, फळ्यावर लिहावी तशी स्वच्छ, सुटी अक्षरे काढून. कागद त्याच्याकडे देताना मात्र तिने तो लगेच सोडला नाही.

"एक विनंती आहे."

"बोला ना."

"तोवर त्याची प्लेट वरच्या कप्प्यात ठेवाल? माझ्या शेजारी नको."

बंद प्लेटमधून काही बाहेर जात नाही, आणि तासाभराने विषाणू आपणच आपल्या हाताने सोडणार आहोत, हे त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्याने वरचा कप्पा पुसून घेतला आणि अकरा क्रमांकाची प्लेट तिथे एकटीच ठेवली.

पेटी उघडताच तिचा हात पुन्हा तोंडावर गेला होता. दार घट्ट बसल्याचा आवाज झाल्यावरच तो खाली आला.