दुसरा ब्रेक

"अगं, पाय काढ!" आई ओरडली. गाडी भर चौकात आचके देत बंद पडली होती आणि मागचा टेम्पोवाला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

ब्रेक लेकीने दाबला होता. ती ड्रायव्हिंग स्कूलची मास्तरीण. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो, अडीअडचणीला दाबायचा. ही समोरून चिमणी उडाली तरी दाबायची. त्यामुळे तिच्या विद्यार्थ्यांना ब्रेक दाबायची सवयच लागत नसे आणि परीक्षेत ते धडाधड नापास होत. "शिकवतेस की राखण करतेस?" मालक वैतागले होते. "उद्या तुझी आईसुद्धा नापास झाली, तर तू दुसरी नोकरी बघ."

घरीदारी तिची हीच तऱ्हा. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो "तुझ्यासोबत श्वास घ्यायलाही परवानगी लागते" म्हणून निघून गेला. ती ढसाढसा रडली आणि तो नीट पोचला का, हे विचारायला तिनेच त्याला फोन केला.

आईने गाडी कडेला घेतली. पन्नाशी उलटल्यावर तिने गाडी शिकायचा हट्ट धरला होता. का, ते सांगत नव्हती.

"पाय वर घे. मांडी घालून बस."

"आणि समोर काही आलं तर?"

"मी आहे ना."

"तेव्हाही होतीसच की!" लेक एकदम किंचाळली. आपला आवाज ऐकून तीच दचकली, पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "बाबा पिऊन गाडी हाकायचे, तेव्हा शेजारीच बसलेली असायचीस!"

आईने इंजिन बंद केलं.

"होते. तू मागे बसायचीस, इवलीशी. वळण आलं की माझ्या सीटला दोन्ही पाय रोवायचीस, जीव खाऊन. माझ्या पाठीला कळायचं सगळं." ती लेकीकडे वळली. "तुझा ब्रेक मीच होते गं. लागले नाही."

ते पाय रोवणं कुणालाच ठाऊक नाही, असं लेकीला इतकी वर्षं वाटत होतं. तिने पाय वर घेतले. मांडी घातली. गाडी निघाली. पुढे उतार लागला, उताराच्या टोकाला सिग्नल लाल झाला. लेकीने डोळे घट्ट मिटले.

गाडी थांबली. आईने थांबवली होती.