शेवटचा तुकडा

मार्लिसने चीजच्या सारणात साखरेऐवजी मीठ घातलं. चांगलं वाटीभर. मग ते पांढरंशुभ्र सारण ब्राउनीच्या दोन थरांमध्ये पसरलं, ट्रे ओव्हनमध्ये ढकलला आणि ती मटकन खुर्चीत बसली.

पण दुसरा इलाज काय होता? ईस्टरच्या आठवड्यात मुलगी बाळंत होणार, तीही तिकडे दूर ॲरिझोनात, जवळ कुणी नाही; जायलाच हवं. आणि इथे चर्चमध्ये लग्न असो, मयत असो की ईस्टर, ब्राउनी मार्लिसचीच! "आई, एकदा तोंड उघडून नाही म्हण ना!" मुलगी फोनवर कडाडली होती. बोलायला काय जातं? मिनेसोटाच्या या गावात तोंडावर नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. त्यापेक्षा एकदाच नाक कापून घ्यावं. लोक आपणहून दुसरी बाई शोधतील.

दुपारी म्हाताऱ्या हॅल्वरला माती देऊन सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमले. ब्राउनीचा पहिला घास पाद्रीबाबांनी घेतला. त्यांचा जबडा जागीच थांबला. कॉफीचा मोठा घोट घेऊन ते म्हणाले, "आज वेगळीच झालीय हं!"

"हो ना, काहीतरी नवीन केलंय वाटतं," शेजारची लवॉन म्हणाली आणि तिने डोळे पुसले. परक्याला वाटलं असतं, हॅल्वरसाठीच रडतेय.

एकेक तुकडा उचलला जात होता. कुणी थुंकेना, कुणी काही बोलेना. मार्लिस एकेकाचं तोंड न्याहाळत होती. अरे बोला की मेल्यांनो!

शेवटी ट्रेमध्ये एकच तुकडा उरला. या गावात शेवटच्या तुकड्याला कुणी हात लावत नाही. अर्धा कापतात, मग त्याचाही अर्धा, आणि उरलेला कण तसाच घरी परत जातो. चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आर्डिसबाईंनी मार्लिसच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो अख्खा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावून चावून गिळला.

"चूक कुणाचीही होते गं," मार्लिसचा हात दाबत त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून काय आम्ही लगेच दुसरी शोधू? ईस्टरलाही तूच."

मार्लिसने तोंड उघडलं. ॲरिझोना अगदी जिभेवर आलं होतं.

"किती ट्रे करू?" तिने विचारलं.