आडनाव उडवताना

विशाखाने एंटर दाबला आणि पापणी लवायच्या आत सगळ्या फायलींची नावं बदलली. शिष्यवृत्तीसाठी मुलींनी आपापल्या पूर्ण नावाने पाठवलेले ते व्हिडिओ. निवड समितीला जात कळायला नको, म्हणून ऑफिसातल्या सरांनी फर्मावलं होतं, "आडनावं उडव." तिने कॉम्प्युटरसाठी एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली : प्रत्येक नावातला शेवटचा शब्द काढून टाक.

पण झेडपीच्या शाळेतल्या पोरी आडनाव आधी लिहितात, बापाचं नाव शेवटी. त्यांच्या नावातला बापच गळाला, आडनाव मात्र ठाण मांडून राहिलं. त्यात 'वाघमारे करुणा' दोन निघाल्या. एकाच नावाच्या दोन फायली राहतात कशा? एकीने दुसरीला गिळलं. उरलेला व्हिडिओ रोहिदासच्या करुणाचा होता. भीमरावची करुणा गेली. मूळ फायलींची कॉपी विशाखाने ठेवलीच नव्हती.

"एवढ्या पोरींत एक गेली तर काय आभाळ कोसळलं?" सर खेकसले. "समिती बसलीय आत. गप्प बस."

अर्जावरचा नंबर शोधून तिने भीमरावच्या करुणाला फोन लावला आणि व्हिडिओ पुन्हा पाठवायला सांगितलं.

"ताई, मामाच्या फोनवर केलता व्हिडिओ. त्यानं पुसला." पोरगी रडायलाच लागली. "मग माझं कॉलेज गेलंच का?"

"फोन ठेवू नको," म्हणत विशाखा थेट समितीच्या खोलीत घुसली.

"अगं, हे नियमात बसत नाही!" सर मागून धावले.

"चूक माझी आहे, सर. मला काढा. शिक्षा तिला कशाला?"

तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला.

"बोल गं. सगळे ऐकतायत."