मिठाची टोपली

समज, तू दहा वर्षांची आहेस. तुझ्यापुढे बारा पिल्लं आहेत. ती यंत्रात उबवलेली, त्यामुळे त्यांना पंखाखाली घेणारी कोंबडी नाही. ऊब आणि कोरडी जागा तूच द्यायचीस. एका बाजूला चहाचं रिकामं लाकडी खोकं आहे, दुसऱ्या बाजूला आजाची टोपली. तू काय निवडशील?

कोपरीच्या मालनने टोपली निवडली. खोकं तिच्या वडलांनी, परशुरामने, ठाण्याच्या बाजारातून आणलं होतं. राघोआजाने ते पायाने बाजूला सरकवलं.

"खोक्यात चहा ठेवतात गो. ही बघ. चालीस वर्सं मीठ वाहिलं हिनं, बांबूची एक कांब सुटली नाय."

राघोचं मिठागरावर जाणं थांबलं तेव्हापासून टोपली खुंटीला होती. त्याने ती स्वतः खाली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, आत गोणपाट अंथरलं आणि वर कंदील टांगला. परशुरामने खोकं उचलून भिंतीशी ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडलं. बाकीची एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. कंदील पेटता होता. मालनने आत हात घातला तर गोणपाट ओलं. कालच बदललेलं. भाद्रपद असूनही दोन दिवस पाऊस नव्हता, आणि पाण्याची वाटी कलंडलेली नव्हती.

एक पिल्लू टोपलीच्या कांबीला चोच मारत होतं, मग पाण्याकडे धावत होतं, पुन्हा कांबीकडे येत होतं. मालन बराच वेळ बघत राहिली. मग तिने त्या जागेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"आजा, हात इकडे कर."

तिने त्याचं बोट तसंच कांबीवर घासलं. राघोने ते चाटलं.

"काय लागतं?"

"काय लागणार? नेहमीचंच."

"खारट हाय, आजा. मीठ पाघळतंय. बरणीतलं पाघळतं तसं."

राघोने पुन्हा बोट चाटून पाहिलं. मग हात धोतराला पुसला.

"आण ते खोकं," तो म्हणाला. "बापाला सांगू नको, मी बोललो म्हणून."

मालनने खोक्यात भाताचा तूस जाड पसरला, एकेक पिल्लू उचलून ठेवलं आणि कंदील वर टांगला. दुपारपर्यंत ती सुटी सुटी होऊन, माना टाकून झोपली. मेली की काय म्हणून मालन आधी घाबरली. घाबरायचं नसतं. पिल्लं गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते, कडेला पळाली तर फार गरम होतं, आणि अशी पांगून झोपली तर सगळं ठीक असतं.

राघो पडवीत बसला होता. टोपली त्याच्या पायाशी पालथी पडली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

मालनने टोपली उचलली आणि विहिरीवर नेली. पोहरा ओढून ओढून धुतली, उन्हात ठेवली. वाळल्यावर काठ चाटून पाहिला. मग तिने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.