दालचिनीचा अर्धा बन

डोळे मिटून तोरबियर्न तपासणीच्या पलंगावर पडला होता. नर्स तळव्याला नायलॉनचा ताठ धागा टेकवत होती. मधुमेह त्याला आणि थोरल्या भावाला, दोघांनाही. थोरल्याचे पाय आधी बधिर झाले, मग एक कापावा लागला. "लागलं की सांगा." अंगठा. "लागलं." टाच. "लागलं." मग बराच वेळ काहीच नाही. अकरा वर्षं कॉफीबरोबर दालचिनीचा बन अर्धाच खाल्ला, बर्फातसुद्धा चालत घरी गेला, सगळं पाण्यात? "अहो, थांबा, धागा खाली पडलाय!" नर्स म्हणाली. पुढच्याच क्षणी करंगळीखाली अशा गुदगुल्या झाल्या, की तो लहान पोरासारखा खिदळला. दुपारी ऑफिसात बन कापून त्याने अर्धा नेहमीसारखा शेजारच्या टेबलावरच्या गुनवरपुढे सरकवला. "वाचले ना पाय?" ती म्हणाली. "वाचले." "वाचणारच! अकरा वर्षं तुझा उरलेला अर्धा गिळून पोट माझं सुटलंय!"