आधी दार वाजवावं

सर्व्हरची नवी आवृत्ती जुन्या पद्धतीचे पासवर्ड ओळखेना, म्हणून डेटाबेसवालीनं दुपारपर्यंत सगळ्यांकडून नवे घालून घेतले. गंगेत घोडं न्हालं. खोलीत एकटीच ती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून निवांत टेकली.

एकच खातं जुनं राहिलं होतं. तिला काम शिकवणाऱ्या, आता हयात नसलेल्या मास्तरांचं. ते पुसायला तिचा हात धजला नव्हता. मास्तर पहिला पासवर्ड हटकून चुकवायचे. म्हणायचे, “आधी दार वाजवावं, मग उघडावं.”

पडद्यावर, कोण आत शिरतंय त्याच्या नोंदींत, ओळ उमटली: मास्तर, पासवर्ड चुकीचा.

तिला हसू आलं. कुठला तरी जुना प्रोग्राम धडपडत असेल.

लगेच दुसरी ओळ: मास्तर, नवा पासवर्ड घातला, प्रवेश दिला. ठिकाण, हाच संगणक.

कप अजून तिच्या दोन्ही हातांत होता. समोर, कीबोर्डवर, दाबलेली एंटरची कळ हळूच वर येत होती.